पदवीच्या पहिल्या वर्षाचे बीजगणित : अभ्यासाची रीत

बारावीनंतर बी.एस्सी.ला गणित हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षातच बीजगणित या नावाची विषयपत्रिका भेटते. हे नाव शाळेपासून ओळखीचे असल्यामुळे समीकरणे सोडवणे, अवयव पाडणे, वर्गसमीकरणाची मुळे काढणे हेच काम थोड्या वरच्या पायरीवर करायचे असेल, अशी त्याची समजूत असते. पहिल्या पंधरवड्यातच ही समजूत टिकेनाशी होते. फळ्यावर आकडेमोड फारशी दिसत नाही. ‘समजा’, ‘म्हणून’, ‘असा एक पूर्णांक अस्तित्वात आहे’ अशी वाक्ये मात्र पुष्कळ दिसतात, आणि प्रश्नाचा शेवट ‘किंमत काढा’ असा न होता ‘सिद्ध करा’ असा होतो. दहावीला बीजगणितात पैकीच्या पैकी गुण मिळवलेला विद्यार्थीही येथे गोंधळतो, तो तयारी कच्ची असते म्हणून नव्हे, तर विषयाचे नाव तेच राहून काम बदललेले असते आणि हा बदल त्याला कोणी नीट उलगडून सांगितलेला नसतो म्हणून.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत या विषयपत्रिकेची नावे आणि प्रकरणांचा क्रम वेगवेगळा असतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेरमांडणी झाल्यापासून ही विविधता वाढली आहे. तरीही गाभा बराचसा समान राहतो : पूर्णांकांची विभाज्यता, गणितीय विगमन, संबंध आणि फलने, समशेषता, बहुपदी, संमिश्र संख्या आणि काही ठिकाणी मॅट्रिक्सच्या साहाय्याने एकघाती समीकरणांची उकल. श्रेयांक पद्धतीत लेखी विषयाचा एक श्रेयांक साधारणतः पंधरा तासांच्या अध्यापनाचा धरला जातो, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयपत्रिकेला वर्गात जेमतेम तीस तास मिळतात, आणि त्यांतले काही तास सुट्ट्या, स्पर्धा, स्नेहसंमेलन यांत जातात. इतक्या वेळात शिक्षक विषयाची दिशा दाखवू शकतात. तो पचवण्याचे काम वर्गाबाहेरच होते. म्हणून सत्राच्या आरंभी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घेणे आणि त्यात नेमून दिलेले पुस्तक ग्रंथालयातून काढणे ही दोन कामे लांबणीवर टाकू नयेत. बाजारातील गाइड बहुधा मागच्या अभ्यासक्रमाचे असते, आणि नव्या अभ्यासक्रमाचे असले तरी ते उत्तरे देते. या विषयात उत्तराहून उत्तरापर्यंतची वाट महत्त्वाची असते.

बदल नेमका कशात आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अज्ञात संख्येला एखादे नाव देऊन तिच्याशी ज्ञात संख्येसारखाच व्यवहार करणे ही शालेय बीजगणिताची मूळ कल्पना होय, आणि ती भारतीय परंपरेत जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ऋण संख्या आणि शून्य यांच्याशी करावयाच्या क्रियांचे नियम दिले, तर ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् आणि पुढील अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावे दिलेली आढळतात. शाळेतला ‘क्ष’ याच घराण्यातला आहे. पदवीच्या बीजगणितातही अक्षरे येतात, परंतु तेथे मुख्य प्रश्न क्ष ची किंमत किती हा नसतो. क्ष शी अमुक क्रिया करण्याचा अधिकार कोणत्या नियमाने मिळाला, आणि तो नियम कोठपर्यंत लागू आहे, हा असतो. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने भूमितीच्या वहीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी मांडणी अनेक वर्षे केलेली असते. पदवीच्या बीजगणिताला हवी असलेली शिस्त हीच आहे, ती फक्त एका वहीतून दुसऱ्या वहीत न्यायची असते. याच्या नेमकी उलट सवय अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत लागते, कारण एमएचटी-सीईटीसारख्या परीक्षेच्या तयारीत चार पर्यायांतून तीन झटपट बाद करण्याचे कौशल्य घोटून घेतले जाते. ते कौशल्य त्या परीक्षेपुरते कितीही उपयोगी असले, तरी ‘सिद्ध करा’ या दोन शब्दांपुढे त्याचा काडीइतकाही उपयोग होत नाही.

अभ्यासाची सुरुवात व्याख्येपासून करावी, आणि व्याख्या पाठ करण्यापूर्वी ती वापरून पाहावी. विभाज्यतेची व्याख्या अशी की, ब = अ × क होईल असा एखादा पूर्णांक क असेल, तर अ हा ब चा विभाजक होय. वाक्य सोपे आहे. पण शून्य हे ५ ने विभाज्य आहे का, असे विचारताच वर्गातील निम्मे विद्यार्थी थांबतात. येथे अंतःप्रेरणेला कौल लावायचा नसतो, व्याख्येला विचारायचे असते : ० = ५ × ० असल्यामुळे क म्हणून शून्य घेता येते, म्हणून उत्तर होकारार्थी आहे. उलट शून्य हा ५ चा विभाजक नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी ५ मिळत नाहीत. शून्य हा शून्याचा विभाजक आहे का, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर दिलेल्या व्याख्येनुसार ‘आहे’ असे येते. मात्र काही पुस्तकांत अ शून्य नसावा अशी अट व्याख्येतच घातलेली असते आणि तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. यावरून आपण वापरतो त्या पुस्तकाची व्याख्या अक्षरशः पाहण्याची गरज ध्यानात येते. प्रत्येक नव्या व्याख्येसाठी तिच्यात बसणारे एक उदाहरण, न बसणारे एक उदाहरण आणि शून्य, एक किंवा रिक्त संच यांसारखे एखादे काठावरचे उदाहरण स्वतः शोधून वहीत लिहावे. त्याला दहा मिनिटे लागतात, आणि पुढच्या प्रमेयातील अर्ध्या अटी कशासाठी घातल्या आहेत हे त्यातूनच कळते.

परिचित गोष्टही व्याख्येच्या कसोटीवर कशी नवी होते, याचे चांगले उदाहरण भागाकाराचे आहे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी हे सूत्र प्राथमिक शाळेतले; पदवीच्या अभ्यासक्रमात ते प्रमेयाच्या रूपाने येते आणि त्याला दोन गोष्टी जोडलेल्या असतात : बाकी शून्य किंवा धन असून भाजकापेक्षा लहान असली पाहिजे, आणि ही अट पाळणारी भागाकार-बाकीची जोडी एक आणि एकच असते. आता −१७ ला ५ ने भागायचे झाल्यास बहुतेक विद्यार्थी भागाकार −३ आणि बाकी −२ लिहितात. ५ × (−३) − २ = −१७ हे खरे आहे, पण बाकी ऋण आल्यामुळे प्रमेयाची अट मोडते; बरोबर उत्तर भागाकार −४ आणि बाकी ३ असे आहे. परीक्षेत गुण जातात म्हणून ही चूक टाळावी एवढेच नव्हे. पुढे समशेषतेचे सगळे प्रकरण या एकमेव बाकीवर उभे आहे, आणि बाकी दोन प्रकारे काढता येऊ लागली तर ते उभेच राहत नाही.

विभाज्यतेनंतर युक्लिडची रीत येते. दोन संख्यांचा मसावि काढण्यासाठी मोठीला लहानीने भागावे, मग लहानीला बाकीने भागावे आणि बाकी शून्य येईपर्यंत हे चालू ठेवावे, अशी ही रीत इ.स.पू. ३०० च्या सुमाराच्या ‘एलिमेंट्स’च्या सातव्या खंडात आहे आणि आजही ती अवयव पाडून मसावि काढण्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. २५२ आणि १९८ घेतल्यास २५२ = १ × १९८ + ५४, १९८ = ३ × ५४ + ३६, ५४ = १ × ३६ + १८ आणि ३६ = २ × १८ अशा चार ओळींत मसावि १८ मिळतो. विद्यार्थ्याने येथे थांबू नये. याच ओळी खालून वर वाचत जाव्यात. १८ = ५४ − ३६; ३६ च्या जागी १९८ − ३ × ५४ ठेवले की १८ = ४ × ५४ − १९८; आणि ५४ च्या जागी २५२ − १९८ ठेवले की १८ = ४ × २५२ − ५ × १९८. मसावि हा त्या दोन संख्यांच्या पूर्णांकपटींच्या बेरीज-वजाबाकीने लिहिता येतो, हे या उलट्या वाचनातून दिसते, आणि पहिल्या वर्षाच्या बीजगणितात सर्वांत जास्त ठिकाणी उपयोगी पडणारे विधान एकच निवडायचे झाल्यास ते हेच निवडावे लागेल. आर्यभटाच्या ४९९ च्या ग्रंथात आणि पुढे भास्कराचार्यांकडे कुट्टक या नावाने आलेली रीत याच जातीची आहे. अमुक संख्येने भागल्यास इतकी बाकी आणि तमुक संख्येने भागल्यास तितकी, अशी संख्या शोधण्याचे प्रश्न ती सोडवते. मूळ संख्येने गुणाकाराला भाग जात असेल तर गुणकांपैकी निदान एकाला भाग जातोच, हे युक्लिडचे प्रमेयही वरील विधानावरूनच दोन ओळींत निघते. ६ ही मूळ संख्या नाही, आणि ४ × ९ = ३६ ला ६ ने भाग जातो पण ४ ला किंवा ९ ला जात नाही; हे उदाहरण शेजारी लिहून ठेवले की ‘मूळ’ हा शब्द प्रमेयात शोभेसाठी नाही, याची खात्री पटते.

संबंध या प्रकरणात गणित दिसत नाही म्हणून ते सोपे वाटते, आणि नेमके तेथेच सर्वांत फसव्या चुका होतात. परावर्तनता, सममितता आणि संक्रामकता हे तीन शब्द दहावीच्या भूमितीत त्रिकोणांच्या समरूपतेच्या निमित्ताने येऊन गेलेले असतात : प्रत्येक घटकाचा स्वतःशी संबंध असणे ही परावर्तनता, अ चा ब शी संबंध असल्यास ब चाही अ शी असणे ही सममितता, आणि अ चा ब शी व ब चा क शी असल्यास अ चा क शी असणे ही संक्रामकता. हे तिन्ही गुण असलेला संबंध तो सममूल्य संबंध. आता पुढील युक्तिवाद पाहावा : संबंध सममित आणि संक्रामक आहे, अ चा ब शी संबंध आहे, म्हणून सममिततेने ब चा अ शी आहे, म्हणून संक्रामकतेने अ चा अ शी आहे, अर्थात परावर्तनता आपोआप आली आणि ती वेगळी तपासण्याची गरज नाही. वाचताना यात खोट सापडत नाही. पूर्णांकांच्या संचावर ‘अ × ब शून्य नाही’ असा संबंध घेऊन पाहिले की ती सापडते. हा संबंध सममित आहे, संक्रामकही आहे, परंतु शून्याचा स्वतःशी संबंध नाही, कारण शून्याचा कोणाशीच संबंध नाही. युक्तिवादाने ‘अ चा कोणातरी ब शी संबंध आहे’ हे गुपचूप गृहीत धरले होते. विधान खोटे ठरवायला असे एक उदाहरण पुरते, त्याला प्रतिउदाहरण म्हणतात. विधान खरे ठरवायला मात्र हजार उदाहरणेही पुरत नाहीत.

हे शेवटचे वाक्य विद्यार्थी मान्य करतात, पण मनापासून मानत नाहीत, म्हणून विगमनाचे प्रकरण सुरू करण्यापूर्वी न² + न + ४१ ही राशी हाताने तपासून पाहावी. न = ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते; न = ४० ला १६८१ मिळतात, आणि ते ४१ चा वर्ग आहेत. ओळीने चाळीस साक्षी जुळल्या आणि तरी विधान खोटे निघाले. गणितीय विगमन ही यावरची तोड आहे : विधान पहिल्या संख्येसाठी खरे आहे हे दाखवावे, आणि ते कोणत्याही एका संख्येसाठी खरे असल्यास तिच्या पुढच्या संख्येसाठीही खरे असते हे दाखवावे. यातील दुसऱ्या पायरीत ‘न साठी खरे आहे असे मानू’ हे वाक्य आले की जे सिद्ध करायचे तेच मानून घेतल्यासारखे अनेकांना वाटते. तसे नाही. तेथे एका संख्येपासून पुढच्या संख्येपर्यंतचा दुवा तेवढा सिद्ध होत असतो. पहिली पायरी नसेल तर तो दुवा लोंबकळत राहतो. न = न + १ या धडधडीत खोट्या विधानाचीही दुसरी पायरी सहज सिद्ध होते, कारण दोन्ही बाजूंना १ मिळवला की झाले; अडते ते पहिल्याच पायरीवर.

समशेषतेची कल्पना आणि तिच्यासाठी तीन आडव्या रेघांचे चिन्ह गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०१ च्या आपल्या ग्रंथात रूढ केले. दोन पूर्णांकांच्या फरकाला म ने भाग जात असेल, तर ते म च्या संदर्भात समशेष होत. आठवड्याचे वार हे या कल्पनेचे घरगुती रूप आहे : आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी बुधवार असतो, कारण १०० ला ७ ने भागल्यास बाकी २ राहते. येथे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार निर्धास्तपणे करता येतात, आणि त्यामुळेच विद्यार्थी भागाकारही निर्धास्तपणे करू लागतो. ६ × २ आणि ६ × ७ हे १० च्या संदर्भात समशेष आहेत, कारण १२ आणि ४२ या दोहोंची बाकी २ आहे. पण दोन्ही बाजूंना ६ ने भागून २ आणि ७ समशेष आहेत असे म्हटले तर ते चूक आहे. ६ आणि १० यांचा मसावि २ असल्यामुळे भागताना १० लाही २ ने भागावे लागते, आणि २ व ७ हे ५ च्या संदर्भात समशेष आहेत, ते बरोबर आहे. घातांकातही असाच सापळा आहे. २ च्या १०० व्या घाताला ७ ने भागल्यास बाकी किती, या प्रश्नात १०० च्या जागी त्याची ७ ने येणारी बाकी २ ठेवून ‘२ चा वर्ग ४’ असे उत्तर दर वर्षी अनेक उत्तरपत्रिकांत दिसते. पाया समशेष संख्येने बदलता येतो, घातांक तसा बदलता येत नाही. २³ = ८ ची बाकी १ असल्यामुळे ९९ व्या घाताची बाकीही १ आणि १०० व्याची २; बरोबर उत्तर २ आहे.

सिद्धता लिहिणे हा या विषयपत्रिकेचा मुख्य भाग असून तो वाचून येत नाही. ‘कोणत्याही दोन विषम संख्यांची बेरीज सम असते’ हे साधे विधान घेऊ. ३ + ५ = ८ लिहून थांबणारा विद्यार्थी सिद्धता लिहीतच नाही, हे उघड आहे. त्याच्या पुढचा विद्यार्थी विषम संख्या २क + १ अशी असते म्हणतो आणि (२क + १) + (२क + १) = ४क + २ ही सम आहे असे दाखवतो. हे उत्तर बरोबर दिसते, तरी त्याने दोन्ही संख्यांना एकच अक्षर वापरल्यामुळे एका विषम संख्येची तिच्या स्वतःशी बेरीज सम असते, इतकेच सिद्ध झाले. ३ आणि ५ यांच्याबद्दल त्याने काहीच म्हटलेले नाही. नीट सिद्धतेत ‘समजा प आणि फ विषम आहेत; म्हणून प = २क + १ आणि फ = २ख + १ होतील असे पूर्णांक क आणि ख आहेत; म्हणून प + फ = २(क + ख + १); क + ख + १ हा पूर्णांक असल्यामुळे प + फ सम आहे’ अशी चार वाक्ये असतात आणि प्रत्येक वाक्याला मागच्या वाक्याचा किंवा व्याख्येचा आधार असतो. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘म्हणून’पाशी थांबून ‘कशावरून’ असे विचारावे. ज्या ‘म्हणून’ला उत्तर मिळत नाही तेथे एक तर वाक्य गळलेले असते किंवा युक्तिवाद चुकलेला असतो. जे सिद्ध करायचे त्यापासून सुरुवात करून शेवटी ० = ० पर्यंत येणे ही आणखी एक प्रचलित खोड आहे; कच्च्या कामात तसे करण्यास हरकत नाही, परंतु पक्के लिहिताना तीच पावले उलट दिशेने टाकता येतात का, हे पाहून मगच उत्तरपत्रिकेत उतरवावे.

दुसऱ्याची सिद्धता वाचतानाही हीच पद्धत ठेवावी. मूळ संख्या अनंत आहेत, या युक्लिडच्या प्रमेयात मूळ संख्यांच्या एखाद्या मर्यादित यादीतील सगळ्या संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवतात, आणि या युक्तीने नेहमी नवी मूळ संख्याच तयार होते, असा समज पाठांतर करणाऱ्यांत पसरलेला असतो. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१ ही संख्या ५९ × ५०९ इतकी आहे, म्हणजे मूळ नाही. सिद्धतेचा दावा वेगळा आहे : त्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक आपल्या यादीबाहेरचा असतो. ५९ आणि ५०९ यादीबाहेरच आहेत, हे पाहिले की प्रमेय समजते. पेन हातात न घेता वाचलेले पान या विषयात न वाचल्यासारखेच असते.

भाषेचा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना मनातल्या मनात छळतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना अकरावीपासून गणित इंग्रजीत शिकावे लागते, आणि सूत्रांपुरते ते निभावते. पण येथे वाक्येच गणित असल्यामुळे इंग्रजी वाक्य अर्धवट समजणे म्हणजे गणित अर्धवट समजणे होय. विचार मराठीत करण्यात काहीही कमीपणा नाही. प्रमेय आधी मराठीत स्वतःच्या शब्दांत मांडावे, ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक’ यांचा क्रम तपासावा आणि मग इंग्रजीत लिहावे. ‘प्रत्येक संख्येपेक्षा मोठी अशी एक संख्या असते’ हे खरे आणि ‘अशी एक संख्या असते जी प्रत्येक संख्येपेक्षा मोठी आहे’ हे खोटे, हा फरक मराठीत कळला की इंग्रजीतही कळतो. ‘किंवा’ या शब्दात गणितात दोन्ही पर्याय एकदम खरे असण्याची मुभा असते, आणि ‘जर अ तर ब’ यावरून ‘जर ब तर अ’ हा व्यत्यास मिळत नाही, या दोन गोष्टी बोलीभाषेच्या सवयीमुळे निसटतात. मराठी संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचा गणितशास्त्र परिभाषा कोश हाताशी ठेवता येईल; मात्र कोशातील आणि वापरातील शब्द जागोजागी वेगळे असल्याने एका वहीत एकच शब्द ठरवून तोच पाळावा.

आठवड्याचे नियोजन फार गुंतागुंतीचे नको. तासाला झालेले प्रमेय त्याच दिवशी वही मिटून पुन्हा लिहून पाहावे, आणि जेथे अडेल तेवढीच ओळ उघडून पाहावी. अडलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडे नेताना ‘हे समजले नाही’ असे न म्हणता ‘तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली’ असे विचारावे. अशा प्रश्नाला शिक्षक स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याही उत्तर देतात. दोघातिघांनी मिळून रिकाम्या वर्गातील फळ्यावर एकमेकांना सिद्धता समजावून सांगणे याहून चांगला सराव नाही, कारण ऐकणारा मित्र ‘हे कुठून आले?’ असे हमखास विचारतो. प्रात्यक्षिकाच्या जर्नलबाबत स्पष्ट बोलणे भाग आहे : सत्राच्या शेवटच्या आठवड्यात एका जर्नलवरून साऱ्या वर्गाची जर्नले उतरतात, त्यावर सह्याही होतात, आणि ज्या प्रश्नसंचांसाठी प्रात्यक्षिकाचे तास राखून ठेवलेले असतात ते कोणीच सोडवत नाही. मोबाइलवर क्षणात मिळणाऱ्या उत्तराचेही तेच. निदान अर्धा तास स्वतः झगडल्यावर उत्तर पाहिले तर ते शिकवते, आधी पाहिले तर फक्त पटते. संगणक मात्र वर्ज्य मानू नये. मॅक्सिमा किंवा सेज यांसारख्या मोफत प्रणालींत मोठ्या संख्यांचे मसावि आणि बाक्या काढून आपले अंदाज तपासता येतात.

नेमलेल्या पुस्तकाखेरीज फार पुस्तके जमवण्याची गरज नाही. सिद्धता लिहिण्याची सवय नसलेल्यांना रिचर्ड हॅमॅक यांचे ‘बुक ऑफ प्रूफ’ उपयोगी आहे आणि लेखकाने ते इंटरनेटवर मोफत उपलब्ध केले आहे. विभाज्यता आणि समशेषता यांसाठी डेव्हिड बर्टन यांचे ‘एलिमेंटरी नंबर थिअरी’ बहुतेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत सापडते. ज्यांना विषयाची गोडी लागेल त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या माधव गणित स्पर्धेचे जुने प्रश्न पाहावेत. पुण्यात श्रीराम अभ्यंकर या बीजगणितज्ञाने १९७६ मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठानही अशा विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

परीक्षेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. व्याख्या आणि प्रमेयांची विधाने अटींसह शब्दशः आली पाहिजेत, त्यांत तडजोड नाही. सिद्धता मात्र शब्दशः पाठ करू नये, तिचे दोन-तीन मुख्य टप्पे लक्षात ठेवून मधले स्वतः भरावे, कारण पाठांतरातील एक ओळ विसरली की पुढचे सगळे कोसळते. अर्धी सिद्धता येत असेल तर तेवढी लिहून पुढचा टप्पा कोणता असायला हवा ते नमूद करावे. परीक्षक कोरी जागा सोडणाऱ्याला काही देऊ शकत नाही. ‘आयएमपी’ प्रश्नांच्या यादीवर विसंबून एटीकेटी टळतेही, परंतु तिचा हिशोब पुढच्या वर्षी चुकता करावा लागतो.

बहुपदी आणि संमिश्र संख्या ही प्रकरणे येईपर्यंत विद्यार्थी स्थिरावलेला असतो. शेष सिद्धांत आणि अवयव सिद्धांत ओळखीचे असतात, आणि पूर्णांकांबाबत केलेला भागाकार, मसावि, एकमेव अवयव हा सगळा प्रवास बहुपदींबाबत जवळजवळ तसाच पुन्हा होतो, हे ज्याच्या लक्षात येते त्याला निम्मे प्रकरण फुकट मिळते. तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची सूत्रे कार्डानोच्या १५४५ च्या ग्रंथात छापली गेली होती, तर पाचव्या घातासाठी असे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे आबेलने १८२४ मध्ये दाखवले. ते का नसते याचा पुरता उलगडा गाल्वाने केला, आणि त्याच्या कामातूनच पुढच्या वर्गात येणारा गट सिद्धांत वाढला.

त्या विषयाची पूर्वतयारी सुट्टीत दोन तक्ते मांडून करता येते. १ ते ६ या संख्यांचा परस्परांशी गुणाकार करून प्रत्येक चौकटीत ७ ने भागल्यावरची बाकी भरावी, आणि तसाच दुसरा तक्ता १ ते ९ साठी १० ने भागून मांडावा. पहिल्या तक्त्याच्या प्रत्येक ओळीत १ ते ६ या सगळ्या बाक्या एकेकदाच येतात. दुसऱ्यात मात्र ६ च्या ओळीत १ कोठेच येत नाही, आणि ज्यांच्या ओळीत १ येतो अशा संख्या १, ३, ७ आणि ९ या चारच निघतात. तेवढ्याच चार संख्यांचा वेगळा तक्ता मांडला तर तो पहिल्या तक्त्यासारखाच वागू लागतो. तो तसा का वागतो, हे वर दिलेल्या मसाविच्या विधानावरून सिद्ध करून पाहावे.